जप्त झालेला बॉल

माझा धंदा काचा बसवायचा आणि माझी वहिनी वाचनालय सांभाळते. झालं! तिथली मागची काच फुटली की निरोप मलाच. "भाऊजी, जरा येता का?" या 'जरा'नं माझ्या कितीतरी दुपारी खाल्ल्या.

वाचनालयात मुली भरपूर, मुलगे मात्र औषधालाही नाहीत. वहिनीनं खास त्यांच्यासाठी शनिवारचा वाचनतास काढला, सतरंजी अंथरली. सतरंजीवर कोण? मांजर! पोरं मागच्या गल्लीत बॉल बडवत होती.

एकदा बॉल काच फोडून आत आला. वहिनीनं तो जप्त केला. "एक पान मोठ्यानं वाचा, बॉल न्या." पोरांनी खिडकीबाहेर उभं राहूनच अडखळत वाचलं. पण वहिनी वस्ताद! गोष्ट दरोडेखोराची, आणि पान नेमकं तो मागे वळणार तिथं संपणारं. तेव्हापासून दर शनिवारी बॉल आत आणि मी शिडीवर.

वाचनालयाचे अध्यक्ष वैतागले. "हा वाचनतास की पोरखेळ? शनिवारी येऊन बघतो. पोरं वाचताना दिसली नाहीत तर तास बंद!"

मला वाटलं, आपण हातभार लावू. वहिनी घरी गेल्यावर खिडकीला मजबूत जाळी ठोकली. आता फोडा म्हटलं काच!

शनिवारी अध्यक्ष खुर्चीत बसले. वहिनीचं लक्ष खिडकीकडे गेलं आणि चेहराच उतरला.

"भाऊजी, काय करून ठेवलंत हे? आता बॉल आत येणार कसा आणि पोरं वाचणार कशी?"

तेवढ्यात बॉल जाळीवर आपटून परत गेला. पुन्हा आपटला. मग सामसूम. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अध्यक्ष उठले.

आणि पुढचं दार करकरलं. घामानं निथळणारी सगळी पलटण आत! सगळ्यात दांडगट पोरानं बॉल टेबलावर ठेवला.

"बाई, कुणीतरी खिडकीला जाळी ठोकलीय. हा घ्या, जप्त करा."

"आणि पान द्या लवकर," मागून दुसरा ओरडला. "दरोडेखोराचं पुढं काय झालं?"

वहिनीनं बॉल माझ्या हातात कोंबला आणि पुस्तक त्यांच्यापुढं केलं. मांजराला सतरंजी सोडावी लागली. अध्यक्ष गुपचूप परत बसले.

तास संपला. दरोडेखोर पकडला जाणार की सुटणार यावर तावातावानं भांडत पोरं निघून गेली. बॉल माझ्या मांडीवरच! शेवटी तो घेऊन मीच त्यांच्यामागे गल्लीभर धावलो.