एक कानाचं, एक डोळ्याचं

आपल्याला ऐकू येईनासं झालंय, हे घड्याळजींनी तीन वर्षं सगळ्यांपासून लपवलं होतं. घरात सगळे ओरडून का बोलतात, हा प्रश्न मात्र या हुशार माणसाला कधी पडला नाही.

मनगटी घड्याळांची अडचण नव्हती. डोळ्याला भिंग लावलं की झालं. पण लंबकाचं घड्याळ जरा जरी तिरकं टांगलं, तरी त्याची टकटक लंगडते आणि दोन दिवसांत ते बंद पडतं. ते लंगडणं कानानेच पकडावं लागतं. शाळेचं घड्याळ दुसऱ्यांदा परत आलं, तेव्हा घड्याळजींचं तोंड एवढंसं झालं.

“दुकान बंद करतो,” जेवताना ते म्हणाले आणि घास तसाच हातात राहिला.

घड्याळ परत आणणारी त्यांचीच मुलगी. त्या शाळेत इंग्रजी शिकवायची. ती म्हणाली, “बाबा, आपण दोन्हींना घड्याळच म्हणतो. इंग्रजीत भिंतीवरचं क्लॉक आणि मनगटावरचं वॉच. का, माहितीये? क्लॉक म्हणजे मुळात घंटा. सुरुवातीला कित्येक क्लॉकना तबकडीच नव्हती, नुसते टोल पडायचे. आणि वॉच म्हणजे जागं राहणं, पहारा देणं.”

“म्हणजे एक कानाचं, एक डोळ्याचं!” घड्याळजी खुलले. “मग अर्धं दुकान शाबूत आहे की! उद्यापासून फक्त वॉच. क्लॉकवाल्यांना कोपरापासून नमस्कार.”

“आणि माझे कान काय भाड्याने दिलेत?” बायको कडाडली. “चाळीस वर्षं तुमची टकटक ऐकतेय. शाळेचं घड्याळ आत्ताही लंगडतंय. अहो, तुम्हाला ऐकू येत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे!”

घड्याळजी ओशाळले, मग स्वतःच खो खो हसत सुटले.

जेवणं उरकून तिघं पुढच्या खोलीतल्या दुकानात आली. बायकोने त्यांचा डावा हात ओढला आणि तळहातावर बोटाने ठोके धरले. टक, टकटक. टक, टकटक. उजव्या हाताने ते भिंतीवर टांगलेलं शाळेचं घड्याळ केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत होते. हळूहळू ठोके सारखे पडू लागले. तीन वर्षांनी त्यांना लंबक कळत होता. आनंदाने त्यांचे डोळे भरून आले.

“जमलं का?” मुलीने मोठ्याने विचारलं.

“थांब गं, अजून तपासतोय,” घड्याळजी म्हणाले. त्यांनी घड्याळावरचा हात काढला, दुसरा तसाच बायकोच्या हातात राहू दिला.