ऊनझऱ्यावरचं कुलूप

शकुंतलाबाई गजभियेंचा आवाज चिचटोल्यात कोणी कधी चढलेला ऐकला नव्हता. तीस वर्षं त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. गावातल्या दोन पिढ्यांची नाकं त्यांनी पुसली, खिचडी भरवली, पाटीवर बोट धरून अक्षरं गिरवून घेतली. त्या कामाचे पैसे तुटपुंजे, म्हणून पावसाळ्यात दुपारनंतर दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणा लावायलाही जात. गुडघाभर चिखलात वाकून धान लावता लावता गुडघ्यांचं जे व्हायचं ते झालं. साठी उलटली तेव्हा उकिडवं बसणं सुटलं होतं, आणि थंडी पडली की सकाळी खाटेवरून उठायला भिंत धरावी लागायची.

त्यावर एकच औषध होतं, ऊनझरा. गावापासून दीड किलोमीटरवर, झुडपांच्या जंगलात, दोन मोठ्या दगडांच्या फटीतून बारमाही गरम पाणी यायचं. त्याखाली कमरेइतकं खोल डबकं होतं. दिवाळी सरली की सकाळी सकाळी गावातल्या बायाबापड्या तिथं पाय बुडवून बसत. साबण लावायचा नाही, कपडे धुवायचे नाहीत, चपला लांब ठेवायच्या, एवढे नियम कोणी लिहिले नव्हते, पण सगळे पाळत. शकुंतलाबाई आठवड्यातून तीनदा जात, सोबत विमलाबाई असायच्या. विमलाबाई शेतकरी घरातल्या, पाच एकर धानाच्या मालकीण. पण दोघींचे गुडघे एकाच वयाचे, आणि मैत्री त्याच पाण्यात जमलेली.

गेल्या दोन वर्षांत कोणीतरी मोबाइलवर झऱ्याचा व्हिडिओ टाकला आणि रविवारी गाड्या यायला लागल्या. सोमवारी जावं तर पाण्यावर शॅम्पूच्या पुड्या तरंगत असायच्या, दगडांत बाटल्यांच्या काचा. एकदा विमलाबाईंच्या टाचेत काच घुसली, चार टाके पडले. तेव्हापासून दोघी जाताना जुनी घमेली नेत आणि आधी काचा वेचून मग पाण्यात बसत.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी त्या पोहोचल्या तर डबक्याभोवती विटांची भिंत उभी होती. लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप, आणि निळी पाटी: ‘ऊनझरा विकास समिती. परवानगीशिवाय प्रवेश नाही.’

फाटकाच्या गजांतून वाफ दिसत होती. विमलाबाई म्हणाल्या, “आता वं?”

शकुंतलाबाईंनी घमेलं तिथंच ठेवलं आणि दुखऱ्या पायांनी सरळ फाट्यावरचं कृषी केंद्र गाठलं. समितीचा अध्यक्ष धर्मेंद्र तिथं गल्ल्यावर बसला होता. अंगणवाडीत असताना हा पोरगा रोज दोनदा खिचडी मागायचा.

“धर्मेंद्र, झऱ्याले कुलूप काहून लावलं?”

“या मावशी, बसा. विकास करून राहिलो आपण. लोक फार कचरा करतात तिथं, म्हणून बंद केलं.”

“कचरा कोण करते? रविवारचे गाडीवाले. उचलते कोण? आमी. अन् बंदी कोणाले? आमाले?”

“पाहुण्यांले फोन करून यावं लागन आता, आपला माणूस फाटक उघडून देईन. फॅमिली राहते त्यांच्यासंगं.” धर्मेंद्रनं आवाज खाली आणला. “गावच्या बाया लुगडं वर करून बसून राहतात, बरं नाही दिसत ते. तुमची सोय करतो ना मी. खाली नाल्यात पाइप काढून देतो. तिथं बसा आरामात.”

खाली नाल्यात.

दुकानातल्या कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. शकुंतलाबाईंच्या मात्र कानशिलात घण बसला. त्यांच्या आईच्या लहानपणी त्यांच्या मोहल्ल्यानं वरच्या पाण्याला शिवायचं नाही, असाच गावाचा दंडक होता. सगळ्यांचं अंग धुऊन जे पाणी नाल्यात उतरायचं ते यांचं. छप्पन साली मोहल्ल्यानं बौद्ध धम्म घेतला, आणि त्या हिवाळ्यात एकोणीस वर्षांची आई चार बायांना घेऊन वरच्या डबक्यात जाऊन उभी राहिली. काठावरून शेणाचे गोळे आले. आई बाहेर निघाली नाही. हे ऐकतच शकुंतलाबाई मोठ्या झाल्या होत्या. आणि आता त्यांच्या हातची खिचडी खाल्लेला पोरगा त्यांना हसतमुखानं, मावशी म्हणत, पुन्हा खाली पाठवत होता.

“पाइप तुह्या घरी लाव,” एवढंच म्हणून त्या निघाल्या.

घरी सून रीना म्हणाली, “आई, सोडा ना. घरी गिझर लावून देतो तुमाले. कायले त्याच्या तोंडी लागता?”

“मले गिझर नाही पायजे. जे आपलं हाये ते घ्यायले कोणाले इचारावं काहून लागते, ते सांग.”

शकुंतलाबाई दुसऱ्या दिवशी तलाठी कार्यालयात गेल्या. तलाठी मॅडम बाहेर होत्या. शकुंतलाबाई पुन्हा गेल्या. मग मॅडम मीटिंगला होत्या. पाचव्या खेपेला भेटल्या, आणि जमिनीचा उतारा काढायला त्यांना दोन मिनिटं लागली. दोन मिनिटांच्या कामासाठी पाच खेपा, याचाही संताप शकुंतलाबाईंनी पदराला बांधून ठेवला.

सव्वीस जानेवारीला ग्रामपंचायतीसमोर ग्रामसभा भरली. विमलाबाई आदल्या दिवशीच सांगून गेल्या होत्या, “मी येतो, पण बोलन नाही. माहा पोरगा ईश्वर धर्मेंद्रच्याच दुकानात कामाले हाये.” शकुंतलाबाईंना वाईट वाटलं, पण राग आला नाही.

सभा संपत आली तशा त्या उभ्या राहिल्या. सरपंचबाई म्हणाल्या, हा विषय यादीत नाही. शकुंतलाबाई बसल्या नाहीत. त्यांनी उतारा उघडला.

पहिल्या रांगेतून धर्मेंद्र हसला. “मावशी, सरकारी कागद समजते का तुमाले?”

“तुले अ कोणं गिरवायले लावला होता रे?”

मागं हशा पिकला. शकुंतलाबाई हसल्या नाहीत. “गट क्रमांक दोनशे बारा. झुडपी जंगल. मालक सरकार.” कागद त्यांनी त्याच्यापुढं धरला. “यात तुह्या समितीचं नाव कुठं हाये, तूच वाचून दाखव सगळ्याईले.”

“समिती गावाच्या भल्यासाठी हाये...”

“वाच म्हणतो ना मी!”

अंगणवाडीतल्या तीस वर्षांत कोणी हा आवाज ऐकला नव्हता. धर्मेंद्र इकडं तिकडं पाहू लागला. शकुंतलाबाईंनी सभेवर नजर फिरवली. झऱ्यावर बसणारी पन्नास माणसं तरी समोर होती, आणि प्रत्येकाला अचानक आपल्या चपलेत काहीतरी दिसत होतं.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून विमलाबाई उठल्या. त्यांनी सगळ्यांसमोर टाच वर करून दाखवली. “चार टाके हायेत हे. पाहुण्यांच्या बाटलीचे. कचरा आमी केला म्हणता? लाज नाही वाटत?” मग एक म्हातारा उठला. मग रोवण्याच्या बाया उठल्या. सरपंचबाईंना विषय यादीत घ्यावाच लागला.

ठराव झाला. तिसऱ्या दिवशी कुलूप निघालं, पाटीही निघाली. भिंत मात्र राहिली. ती पाडायला निधी नाही म्हणे. धर्मेंद्रनं चूक झाली असं कोणापुढं म्हटलं नाही. उलट पुढच्या सोमवारी त्यानं ईश्वरला सांगितलं, उद्यापासून येऊ नको, सध्या काम कमी आहे.

गावातले लोक शकुंतलाबाईंना म्हणायला लागले, “जिंकल्या ना तुमी, आता शांत बसा.” हे ऐकलं की त्या जास्तच भडकत. जे सगळ्यांचं होतं ते सगळ्यांना मिळालं, यात जिंकणं कुठलं? आणि विमलाबाईंच्या पोराचं काम गेलं, ते कोणाच्या खात्यात मांडायचं?

फेब्रुवारीत त्या एसटीनं भंडाऱ्याला गेल्या. सोबत विमलाबाई होत्या आणि रीनानं स्वच्छ अक्षरात लिहून दिलेला अर्ज. जिल्हा कचेरीतल्या बाबूनं तो वरवर वाचला.

“बाई, झरा तर उघडला ना? मग आता कशाची तक्रार?”

“सरकारच्या जमिनीवर भिंत बांधली कोणं, कोणाले इचारून, अन् त्याले तुमी काय केलं, ते मले लिवून पायजे.”

“वेळ लागेल.”

“लागू द्या. मी रिटायर हावो.”

बाबूनं त्यांच्याकडं पाहिलं, मग शिक्का उचलला. पोचपावती घेऊन शकुंतलाबाईंनी ती नीट वाचली. तारीख चुकली होती. त्यांनी कागद परत टेबलावर ठेवला आणि तारखेवर बोट टेकवलं.