भाडेकरूची मयत

बाबा सकाळी दवाखान्यात वारले. दुपारी आम्ही त्यांना घरी आणलं. घरमालकांनी फाटकाला कुलूप लावलं होतं.

गाडी फाटकापाशी थांबली. मी ड्रायव्हरशेजारी बसले होते. मागे बाबांजवळ माझा चुलतभाऊ, त्याला मी दादा म्हणते. मला वाटलं, उन्हाची वेळ आहे, मालक झोपले असतील. पण ते फाटकाच्या आत उभेच होते. धुतलेला झब्बा, हातात किल्ल्या.

हिंगणा रोडच्या एका ले-आउटमधलं, प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतलं हे घर. खाली मालक, वर आम्ही. जिना बाहेरून आहे, पण फाटक एकच. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. इतकी वर्षं त्याच फाटकातून गेले आणि आले. बाबा हिंगण्याच्या कारखान्यात होते. रिटायर होईपर्यंत कंपनीची बस त्यांना त्याच फाटकापाशी उतरवायची.

मी खाली उतरले.

"मॅडम, तुम्ही समजदार आहात," मालक गजांमधून म्हणाले. "पोराचं लग्न आहे. पत्रिका वाटून झाल्या. घराला आत्ताच रंग दिला. अशा वेळी मयत आत आणायची नसते. तुम्ही सरळ घाटावर न्या. लागेल ती मदत मी करतो."

मी बोलत नाही म्हणूनच त्यांना आवडायचे. पाहुण्यांना ते अभिमानानं सांगायचे, वरचे लोक अगदी शांत आहेत, आहेत की नाहीत तेही कळत नाही.

"आणि तुम्हा लोकांत तर हे काही नसतंच," ते पुढे म्हणाले. "सुतक नाही, दहावं नाही. तुमचे बाबाच मला सांगायचे, माणूस गेला की गेला. मग घरात आणलं काय, नाही आणलं काय. तुम्हाला काय फरक पडतो?"

हे बाबा खरंच म्हणायचे. संध्याकाळी गच्चीवर मालकांशी त्यांच्या गप्पा चालायच्या. मालक पुनर्जन्माच्या गोष्टी सांगायचे आणि बाबा हसून त्या खोडून काढायचे. ती सगळी वाक्यं या माणसानं जपून ठेवली होती. आज ती कुलपाच्या कामी आली.

आणि क्षणभर मला ते पटलं. बाबा असते तर म्हणाले असते, देह हाय गा, न्या सरळ, उन्हात लोकायले काहून तरास.

बाबांनी जन्मभर घर बांधलं नाही. ऐपत नव्हती असं नाही. कारखान्यातल्या त्यांच्या बरोबरीच्या सगळ्यांनी प्लॉट घेतले, सोसायटीचं कर्ज काढलं, एकेक खोली वाढवत नेली. बाबांनी पुस्तकं घेतली आणि मला शिकवलं. कोणी विचारलं की त्यांचं उत्तर तयार असायचं.

"आपल्या बापाचं गावात सोताचं घर होतं. कुठं होतं? गावाच्या भाईर. घर बांधलं का जागा ठरते. जागा ठरली का मानूस ठरते. भाड्याच्या घरातून उठून जाता येते."

मला लहानपणी हे ऐकून अभिमान वाटायचा. मग आम्ही उठून जायला लागलो आणि कळलं की जाणं सोपं आहे, पोचणं नाही. खोली पाहायला गेलं की आधी आडनाव विचारायचे. नोकरी नंतर. बाबा पूर्ण नाव सांगायचे, मोठ्यानं, जातीचा अंदाज बांधायचे कष्ट समोरच्याला पडू नयेत म्हणून. मग समोरून यायचं, आमच्या इथं नॉनव्हेज चालत नाही.

"तुमच्या इथं काय शिजते ते मी विचारून नाई राहिलो," बाबा म्हणायचे. "खोली हाय का, ते विचारून राहिलो."

या घरमालकांनी आडनाव ऐकूनही खोली दिली होती. त्याचं आम्हाला किती अप्रूप. त्या एका गोष्टीसाठी आम्ही बाकीचं सगळं ऐकलं. भिंतीला खिळा नको. गाडी फाटकात नको. जयंतीची लायटिंग समोरून नको, मागच्या बाजूनं लावा, समोर बरं दिसत नाही. बाबांनी मागच्या बाजूनं लावली. मागे नाला आहे.

मला हेवा वाटायचा. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही, बाबांना तर नाहीच. ज्यांची स्वतःची घरं आहेत त्या सगळ्यांचा हेवा. सगळ्यात जास्त दादाचा. सक्करदऱ्याला तलावाच्या अलीकडे त्याचं घर आहे, त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मोठ्या बाबांनी बांधलेलं. एकदा वहिनीला स्वयंपाकाचा ओटा लांब हवा होता म्हणून दादानं मधली भिंत पाडली. रविवारी आम्ही गेलो तर सगळीकडे विटांचा चुरा आणि वहिनी हसत होती. कोणाला न विचारता भिंत पाडता येते, हे पाहून मला जेवण जाईना. ताट समोर होतं. मी पोट बिघडल्याचं सांगून उठले.

पुढे मोठे बाबा वारले. सकाळपासून त्यांना त्यांच्याच ओसरीत ठेवलं होतं. पोरी उशाशी बसल्या होत्या. हिंगण्याहून, इतवारीतून, गावाकडून माणसं येत होती. कोणी आत जाऊन पाणी पीत होतं, कोणी पायरीवर बसत होतं. घड्याळाकडे कोणी पाहत नव्हतं. मी सगळ्यांबरोबर पंचशील म्हणत होते आणि माझी नजर त्या ओसरीवर होती. केवढी ऐसपैस जागा. मेलेल्या माणसाचा हेवा करता येतो, हे मला तेव्हा कळलं.

आता गाडीत बाबा होते आणि फाटकाला कुलूप.

दादा खाली उतरला. त्यानं दोन्ही बाजू पाहिल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"चाल वं, आपण सक्करदऱ्याले नेऊ. घर हाय न तिथं. याच्याशी काहून डोकं लावतं?"

तो चांगला माणूस आहे. पाऊस आला तर छत्री पुढे करावी तसं त्यानं घर पुढे केलं. मला ते दिसलं. तीच ओसरी, त्याच जागेवर बाबा. येणारे जाणारे म्हणतील, भावाच्या पोरानं जागा दिली. जन्मभर भाडं भरणारा माणूस शेवटच्या दिवशी फुकटात राहिला.

"नाही," मी म्हणाले.

तेवढ्यात आई जिना उतरून खाली आली. ती सकाळीच घरी येऊन थांबली होती, जागा करायला. म्हणजे ती आत आणि बाबा बाहेर. तिला आधी काही कळेना. तिनं कुलूप हातात धरून पाहिलं.

"चावी कुठं हाय भाऊ?"

"काकू, असं करा," मालक म्हणाले, "तुम्ही नाल्याकडच्या मागच्या दारानं बाहेर या. गाडीतच दर्शन घ्या. मी पोराला खुर्ची आणायला सांगतो."

"मले खुर्ची नाई पाह्यजे."

"काकू, घर माझं आहे. तुम्ही माझी बाजू पण समजून घ्या."

"घर तुमचंच हाय भाऊ," आई म्हणाली. "मानूस माहा हाय. त्याले आत येऊ द्या."

मालकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली. मी समजदार. मीच आईला समजावीन, याची त्यांना खात्री होती. ती खात्री मी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचली. इतक्या वर्षांत मी ती स्वतःच्या हातानं त्यांना दिली होती, रोज थोडी थोडी.

माझा आवाज मोठा नाही. तो तेव्हाही मोठा झाला नाही.

"बाबा मानत नव्हते," मी म्हणाले. "मी पण मानत नाही. मानता तुम्ही. म्हणजे अडचण तुमची आहे. ती आमच्या बाबांनी उन्हात का सोसायची? कुलूप काढा."

"मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"माझ्याकडून बऱ्याच अपेक्षा झाल्या. कुलूप काढा."

त्यांनी किल्ल्या झब्ब्याच्या खिशात टाकल्या.

मी ड्रायव्हरला म्हटलं, उतरवा. तो दादाकडे पाहायला लागला. दादा म्हणाला, "रोड तापला हाय वं." मी पुन्हा म्हटलं, उतरवा. इथंच. फाटकासमोर.

समोरच्या घरातली बाई दार उघडून पाहत होती. ती भंडाऱ्याकडची, शेतकऱ्याघरची, आमच्याशी तिचं येणं-जाणं फारसं नव्हतं. ती ओरडली, "अवं थांबा, खाली काहून ठेवता त्यायले?" आणि ती नि तिचा नवरा बाज उचलून घेऊन आले. फाटकासमोर बाज टाकली, त्यावर चादर. बाबांना बाजेवर ठेवलं. कोणीतरी ताडपत्री आणली, तिची दोन टोकं फाटकालाच बांधली. मालक म्हणाले, रंग जाईल. गाठ बांधणाऱ्यानं ती आणखी आवळली.

आई आतल्या बाजूला खाली बसली. गजांतून हात घालून तिनं बाबांच्या पायावर ठेवला. मागच्या दारानं ती गेली नाही.

माणसं यायला लागली. कारखान्यातले जुने सोबती, बाबा रोज जायचे त्या वाचनालयातले लोक, ले-आउटमधले ओळखीचे आणि बिनओळखीचे. पांढऱ्या कपड्यांची रांग कोपऱ्यापर्यंत गेली. येणारा प्रत्येक जण एकच विचारत होता, बाहेर काहून ठेवलं गा? आणि सांगणारा फाटकाकडे बोट दाखवत होता. आम्ही भांडलो नाही. घोषणा दिल्या नाहीत. बुद्धवंदना सुरू केली. एवढ्या लोकांचा आवाज एकदम उठला आणि मालकांच्या बंद खिडक्यांवर जाऊन आदळला.

वंदना संपायच्या आत त्यांनी कुलूप काढलं. फाटक उघडलं नाही, फक्त कुलूप काढलं आणि आत निघून गेले. फाटक आईनं ओढलं.

बाबांना आत घेतलं. जिना अरुंद, वर नेता येईना. मालकांची कार उभी असते त्या फरशीवर ठेवलं. आंघोळ तिथंच घातली. कोणी घाई केली नाही. निघालो ते समोरच्या फाटकातून.

घाटावरून परत आलो तेव्हा फाटकापासून जिन्यापर्यंत फरशी धुतलेली होती. गोमूत्राचा वास येत होता. आई त्या ओल्या फरशीवरून चपला घालून चालत गेली.

पुढच्या महिन्यात मालकांनी सांगितलं की करार संपला की वरच्या खोल्या त्यांना मुलासाठी हव्या आहेत. मी बरं म्हणाले.

दादा म्हणतो, आता तरी फ्लॅट घे. "नोकरी पक्की हाय तुही. बँक लोन देते. काकानं हट्ट केला, तू काहून करून राहिली?" त्याच्या आग्रहाखातर बेसा रोडला एक स्कीम पाहून आले. सॅम्पल फ्लॅट सजवलेला होता. गुळगुळीत फरशी, भिंतीवर पाहिजे तिथं खिळे. विकणारा माणूस म्हणाला, भाडं म्हणजे पैसा वाया, मॅडम. मी त्याला विचारलं, इथं कोणी वारलं तर मयत लिफ्टनं नेता येते का? खाली ठेवता येते का? तो गोंधळला. म्हणाला, ते सोसायटी ठरवेल, पण शक्यतो असं कोणी विचारत नाही.

फ्लॅट आवडला. खोटं कशाला बोलू. परत येताना बसमध्ये मी मनातल्या मनात ओटा लांब केला. पण बाबांना बाहेर ठेवलं म्हणून घर घ्यायचं, म्हणजे त्या कुलपाला खरं मानायचं. ज्याच्याकडे स्वतःचं घर नाही त्याच्या मयतीला दार नाही, हे एकदा मी कबूल केलं की ते या शहरातल्या प्रत्येक भाडेकरूच्या वतीनं कबूल केल्यासारखं होईल. ते मी करणार नाही. बाबांचं म्हणणं अर्धंच होतं. त्यांनी घरमालकांकडे उठून जायचा हक्क मागितला. आत यायचा मागितला नाही.

तो मी मागते. खोली पाहायला जाते तेव्हा आईला सोबत नेते. आडनाव मी आधीच सांगते, बाबांसारखं. मग सांगते, माझी आई म्हातारी आहे. ती याच घरात मरेल. तिला इथं ठेवू, लोक येतील, आणि ती समोरच्या दारातून जाईल. चालत असेल तर पुढचं बोलू, आणि हे करारात लिहून द्या.

लोकांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. एक बाई आईकडे घाबरून पाहत राहिली. आई म्हणाली, "भेव नोका, मी आजच नाई मरून राहिली. आधी नळाचं पानी कवा येते ते सांगा."

त्या बाईनं विचार करून फोन करते म्हणून सांगितलं. फोन आला नाही.

हेवा अजून आहे. सक्करदऱ्याला गेले की तो ओसरीतच मला गाठतो. करार संपत आला आहे. घर मिळालेलं नाही. अट तीच आहे.