बंद लूमचं गाणं आन् पंढरीचा मांडव

पंढरीच्या पोरीला, भावनाला, हळदीला बोलावलं तर ती येते, हळद लावते, जेवते, आन् बेंजोवाले सुरू झाले का चपला शोधायला लागते. लोक बोलतात, गोदामात कामाला लागल्यापासून पोरगी शिष्ट झाली. तसं न्हाय. हीच भावना लहान व्हती तवा मांडवातनं हाताला धरून ओढून न्यायला लागायची, एवढी नाचरी. काय झालं ते मी सांगते, पूर्वी बाय, तू लिही.

बारावीला व्हती ती. क्लासला नारपोलीत जायची. तिथल्या गल्लीत कापडाच्या लूमचा खडखडाट एवढा का बाजूचा माणूस बोलला तरी ऐकू येत न्हाय. त्यात एक शेड बंद पडलेली. मालकानं लूम भंगारात काढले, शेड तशीच. एक दिवस त्या बंद शेडातनंच सगळ्यांहून मोठा आवाज यायला लागला. भावना दारात जाऊन बघते तर तीन पोरं. एकाच्या गळ्यात गिटार, एक ढोल बडवतोय, तिसरा माईकमध्ये तोंड घालून ओरडतोय. आन् ओरडतोय काय, तर धवला. आपल्या लग्नात धवलारीण बसते, एकेका देवाला, गेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलवते, तोच. पण ती कशी सावकाश गाते, आन् हा असा गात व्हता जसा कोणाशी भांडायला उठलाय.

तो हरेश. आतल्या गावातला, कुणब्याचा. त्याची आजी रंगूबाई धवलारीण व्हती, तिच्या मांडीवर बसून शिकलेला. त्यानं हिला बघितलं आन् थांबला.

"काय गं, आवाज कमी करा सांगायला आलीस?"

"कमी कशाला? बाजूचे लूम तुमच्यापेक्षा मोठ्यानं वाजतात."

ढोलवाला हसत सुटला. "घ्या. आपली पहिली पब्लिक, ती पण इज्जत काढायला."

पार्टीचं नाव त्यांनी 'बंद लूम' ठेवलेलं. हरेश सांगायचा, इंग्लिशमध्ये याला पंक बोलतात, तीन सूर आले का पुरे, बाकी पोटात असेल ते ओरडायचं. कामतघरला पण अशीच एक पार्टी व्हती, ती कापडाच्या ताग्यातल्या पुठ्ठ्याच्या नळ्या बडवायची. भावना तिथंही जाऊन आली. पण जीव तिचा बंद लूममध्ये. गणपतीत टेम्पोवर वाजवलं तवा ऐकायला चार माणसं, त्यातली दोन रिक्षाची वाट बघत व्हती. ही पुढं उभी राहून एकटी टाळ्या वाजवत व्हती, हात लाल होईपर्यंत. तिला एकच वाटायचं, आपल्या माणसांनी हे एकदा ऐकावं. एकदा ऐकलं का कोणी यांना येडे बोलणार न्हाय.

मंग हरेशनं नवीन धवला बांधायला घेतला. देवांच्या जागी शेतांना बोलवायचं, जी विकली ती शेतं. त्यानं भावनाला विचारलं, "तुमच्या शेतांची नावं काय व्हती?"

हिला कुठं माहीत? ही मोठी झाली तवा पूर्णा गावाच्या बाजूला नुसती गोदामं. तिनं आज्याला, लडकूला, विचारलं. म्हातारा खुश झाला. लांबोडी, देवाचं खाचर, खारीतली कुंडी, बोटं मोडून एकेक सांगितलं, कुठल्या बांधावर खेकडे मिळायचे ते पण. हिनं ती नावं नेऊन हरेशला दिली. गाणं झालं:

ये गो लांबोडी, ये गो ये,
तुझ्या पोराची हळद हाय, ये,
अंगावर शिमीट हाय तरी ये.

शेडात हे पहिल्यांदा ऐकलं तवा भावना रडली. पोरांचं ठरलं, ठाण्याला जाऊन स्टुडिओत हे गाणं भरायचं. दिवस पण धरला. त्याच्या आधीच्या आठवड्यात भावनाच्या भावाची, भाविकची, हळद व्हती. हिनं बापाचा पिच्छा पुरवला, बेंजोवाले नको, माझी पार्टी बोलवू. पंढरी बोलला, "बोलव बाई. पण नाचता आलं पाहिजे लोकांना."

आता हिची चूक बघ. ते गाणं शेडात गायचं वेगळं आन् मांडवात गायचं वेगळं. मांडवात धवला म्हणजे खरंच बोलावणं. ज्याचं नाव घेतलं तो येतो, अशी आपल्या माणसांची समजूत. हे तिला माहीत न्हवतं असं न्हाय. तिला वाटलं, म्हणूनच इथं जास्त लागेल.

लागलं. पहिली दोन गाणी लोकांनी ऐकून घेतली. मंग तिनंच लांबून हरेशला खूण केली. त्यानं ओरडून लांबोडीला हाक मारली. पाहुण्यांत जमिनीचा दलाल बसलेला, तो ताटाकडं बघायला लागला. आन् लडकू उठला. हळदीच्या ताटातले तांदूळ मुठीत घेतले, मांडवाच्या बाहेर चालायला लागला.

"आजा, कुठं चाललास?" भाविक पाटावरनं ओरडला.

"नाव घेतलं ना तिचं," म्हातारा बोलला. "अक्षता द्यायला कोण जाणार? आमंत्रण असं लांबनं करतात काय?"

पंढरी धावत गेला, बापाला धरलं. म्हातारा मूठ सोडेना. पंढरीचं तोंड काळंठिक्कर. तिथनंच बोलला, "ए पोरांनो, बंद करा ते. कोळीगीत लावा."

हरेश गायचा थांबला न्हाय. त्यानं भावनाकडं बघितलं. तिनं हो म्हणून मान हलवली असती तर तो गात राहिला असता, मार खाल्ला असता तरी. ती पुढं आली आन् हळूच बोलली, "दुसरं वाजव ना रे. आजच्या दिवस."

त्यानं वाजवलं. आन् काय वाजवलं, सगळी हळद नाचली. सामान आवरायच्या आधीच दोन पाहुण्यांनी बुकिंग दिलं. स्टुडिओचा दिवस आला त्या दिवशी पोरं दुसऱ्या हळदीला. शेडात मंग टाइल्सचं गोदाम झालं. भावनाच्या मोबाईलमध्ये भाविकच्या हळदीचा व्हिडिओ हाय, सगळा नाचाचा. लांबोडीचं गाणं कुणी घेतलं न्हाय, कारण सगळे लडकूकडं बघत व्हते. म्हातारा पुढच्या आखाडात गेला.

यंदा शेजारच्या हळदीला हरेशची पार्टी आली. चमचमते कोट, लाइटचा टेम्पो. भावना चपला न शोधता त्याच्यापाशी गेली.

"फर्माईश हाय. लांबोडीचं."

"ज्याचा मांडव तो बोलेल ते वाजवायचं," हरेश बोलला. "तुझ्याकडनंच शिकलो." बोलला आन् स्वतःच खाली बघितलं. मंग विचारलं, "पुढं काय व्हतं गं? शिमीट हायच्या पुढं?"

तिनं तोंड उघडलं. तिला तेवढ्या तीनच ओळी येत व्हत्या. लांबोडीनंतर देवाचं खाचर, त्याला काय सांगून बोलावलं, ते न्हाय. कुंडीचं तर काहीच न्हाय. तिला वाटलेलं, त्याला येत असणार.

"तुझंच गाणं ना रे?"

"नावं तुमची व्हती," तो बोलला.

तेवढ्यात मांडवाचा मालक ओरडला, "भाऊ, गप्पा नंतर, पोरं थांबलीत." हरेशनं हात वर केला, पार्टी सुरू झाली. भावना चपला शोधायला गेली. एक सापडली, दुसरी सापडेना. नाचणाऱ्यांच्या पायांत ती वाकून वाकून फिरत राहिली, आन् पोरीबाळींना वाटलं, आज भावनाताई पण नाचते.