जोडीचा सत्कार

भावाच्या गौरवाचं चर्चासत्र सकाळपासून कॉलेजच्या सभागृहात चाललं होतं, आणि प्रभाताईंच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरीसारखा झाला होता. शेजारी होणाऱ्या विहीणबाई, अक्कलकोटच्या दाक्षायणी, निवांत बसल्या होत्या. त्यांना बोलावलं प्रभाताईंनीच. लेकीचा, सईचा साखरपुडा तोंडावर आलेला. मुलीचा मामा केवढा विद्वान आहे ते दिसू दे, या हौसेनं त्या बोलावून बसल्या. भावाचा, वेणीमाधवचा फोन त्यानंतर आला.

"ताई, या वेळी सत्काराला तू वर येऊ नकोस. कुमार येईल. प्राचार्यांना सांगितलंय, ते 'बघू' म्हणालेत."



या कॉलेजात सत्कार जोडीचा असे. पाहुणा आणि त्याची बायको शेजारी उभी राहायची आणि दोघांच्या खांद्यांवरून एकच सोलापुरी चादर पांघरायची. वेणीमाधव इथे दर वर्षीचा पाहुणा, पण त्याला बायको नाही, मग दर वेळी बहीण. पूजेला बायको नसली की तिच्या जागी सुपारी मांडतात, तशी. प्रभाताईंना ते आवडायचं. शाळेत कारकुनी करून त्यांनी सईला एकटीनं वाढवलं होतं. नवरा गेल्यापासून लग्नकार्यात त्यांना कुणी पुढे बोलावत नसे. इथे मात्र नाव पुकारून वर बोलावत, फोटो काढत.

कुमार भावाच्या घरात वीस वर्षं राहत होते. पाहुण्यांना प्रभाताई सांगत, "भाडेकरू आहेत." आताही ते ओळीच्या टोकाला, वेणीमाधवची पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसले होते.

प्राचार्यांनी फलकावर नुसतंच 'साहित्य आणि समाज' छापलं होतं. पण माइकवर एक विद्यार्थिनी वेणीमाधवच्या लेखनावर निबंध वाचत होती, आणि 'समलिंगी' हा शब्द आला की प्रभाताई चोरून विहीणबाईंकडे बघत.

"पोरगी लई धीट हाय की," दाक्षायणी म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या हातात माइक दिला की तोंडाला कुलूप! तुमच्या भावानं लग्न का न्हाई केलं हो?"

"जमलं नाही."

"असं कसं? एवढे शिकलेले, दिसायला बी चांगले."

तेवढ्यात सूत्रसंचालकानं पुकारलं, "आता जोडीचा सत्कार. आदरणीय प्रभाताईंना विनंती, त्यांनी व्यासपीठावर यावं."

म्हणजे प्राचार्यांनी काहीच बघितलं नव्हतं. दर वर्षीची सवय. प्रभाताई उठून उभ्या राहिल्या. उठल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण काय करतोय ते. टाळ्या सुरू झाल्या. वर वेणीमाधव मान खाली घालून उभा होता. लहानपणी वडिलांच्या हाकेला दाराआड असाच उभा राहायचा.

"जावा की, विहीणबाई," दाक्षायणी म्हणाल्या.

प्रभाताई ओळीच्या टोकाकडे वळल्या. "कुमार, तुम्ही जा."

कुमारांनी दाक्षायणींकडे पाहिलं आणि मान हलवली. हळूच म्हणाले, "नको ताई. सईचं व्हायचंय."

"जा म्हणते ना!" आवाज एवढा मोठा निघाला की पुढच्या ओळीतली डोकी वळली.

कुमार बाटलीसकट उठले. ते पायऱ्या चढत गेले तशा टाळ्या विरत गेल्या. प्राचार्य चादरीचं टोक धरून नुसतेच उभे राहिले. शेवटी वेणीमाधवनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतःच कुमारांच्या खांद्यावर टाकलं.

"हे तुमचे भाडेकरू न्हवं?" दाक्षायणींनी विचारलं.

प्रभाताई मटकन खाली बसल्या. "नाही. घरातलेच आहेत. वेणीमाधवचे. तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

विहीणबाई व्यासपीठाकडे बघतच बोलल्या.

"सईला ठाव हाय?"

"हो."

"आन् आमच्या आशिषला?"

"सईनं सांगितलंय त्याला."

"म्हंजे मलाच तेवढं कुणी सांगितलं न्हाई."

दोन खुर्च्यांच्या मधे ठेवलेली पर्स त्यांनी उचलून मांडीवर घेतली. आता उठतील, दारातून बाहेर जातील, रात्रीपर्यंत आशिषच्या वडिलांचा फोन येईल: प्रभाताईंना सगळं दिसू लागलं. सईला काय सांगायचं?

वर फोटो निघत होता. सभागृहात कुणीतरी एक टाळी वाजवून थांबलं. प्रभाताई टाळ्या वाजवू लागल्या. आवाज धड येत नव्हता, तरी त्या थांबल्या नाहीत. शेजारी मान वळवून बघायचं मात्र त्यांना धाडस होईना.

पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. मग बंद झाल्याचा.

शेजारची खुर्ची सरकल्याचा आवाज मात्र आला नाही.