इंग्रजाची लाइट

खोडदच्या दुर्बिणीवर भागुजीतात्यांनी अठ्ठावीस वर्षं वॉचमनकी केली. ताऱ्यांचं घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा रोज चार मिनिटं पुढे पळतं, हे तिथल्या एका इंजिनिअरने त्यांना चहा पिता पिता समजावलं आणि तेव्हापासून तात्यांना घड्याळांचा नादच लागला.

शेजारच्या यमाजीची प्रांजल कॉम्प्युटर इंजिनिअर. लंडनच्या एका कंपनीत घरबसल्या करायच्या नोकरीची शेवटची मुलाखत त्या सोमवारी होती. ती मिळाली तर गाव सोडावं लागणार नव्हतं. दुपारी दोनला ती फावडं घेऊन विहिरीकडे निघाली, तेव्हा तात्या कुंपणाशी बसलेले.

"काय गं, आज तुजी मुलाखत ना?"

"साडेतीनला, तात्या. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले साडेतीन. लाइट आहे तोवर टोमॅटोला पाणी देऊन येते."

"साडेतीन कुनी सांगितलं?"

"फेब्रुवारीत पहिली मुलाखत तेव्हाच झाली की!"

"तवाचं येगळं. काल मार्चचा शेवटचा रविवार व्हता. इंग्रजाची लाइट बदलली."

प्रांजलला हसू फुटलं. "त्यांच्याकडं कुठलं आलंय लोडशेडिंग?"

"हसतीस काय! आपल्या मोटारीच्या लाइटीचा टाइम आठवड्याला बदलतो का न्हाई? तसा त्यांचा वर्साला दोनदा. उन्हाळ्यात घड्याळ तासभर म्होरं, थंडीत परत मागं. आपलं बारा म्हयने हाय तिथंच. त्यांचे दहा म्हंजी आता आपले अडीच."

तिने मोबाइलवर पाहिलं. लंडन: नऊ बत्तीस. दहाला अठ्ठावीसच मिनिटं उरली होती.

"बघत काय बसलीस? आन ते फावडं हिकडं!"

ती धावली. तोंडावर पाणी मारलं, ओढणी बदलली आणि अडीचला दोन मिनिटं असताना लॅपटॉपसमोर बसली.

तासाभराने बाहेर आली तर मोटार चालूच होती. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून तात्या शेवटच्या सरीला पाणी लावत होते. तिने चिखलातच वाकून त्यांच्या पाया पडायला हात पुढे केले.

"आधी सांग, काय इचारलं?"

"सगळं आलं, तात्या."

पंधरा दिवसांनी नोकरीचं पत्र आलं. आता लंडनची वेळ तिच्या लॅपटॉपवर कायम दिसते. तरीही ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी कुंपणापलीकडून हाक आली, "पोरी, उद्या इंग्रजाची लाइट बदलतीय गं!"

प्रांजल काम टाकून कुंपणापाशी गेली. म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, तात्या."