मिनिटाला एकशे बेचाळीस शब्द

ओदिलोन येस्कास पिएद्रा आंचात मास्तर म्हणून आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. नेमणुकीच्या कागदावर द्विभाषिक शिक्षक असं लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्याला दोन भाषा येत होत्या, घरची सापोतेक आणि शाळेची स्पॅनिश. पिएद्रा आंचात मात्र मिश्तेक बोलतात. कचेरीत कुणीतरी नकाशा न बघता रिकामी जागा भरून टाकली होती. डोंगरातला माणूस डोंगरात पाठवला, यावर सगळ्यांचं समाधान झालं. "सहा महिने काढ, मग बदलीचं बघू," साहेब म्हणाले होते. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

पहिल्या वर्षी त्यानं मिश्तेकचे चाळीसेक शब्द जमवले. पण त्या भाषेत आवाज जरा चढला-उतरला की शब्द भलतीकडेच जातो. तो फळ्यापुढे तोंड उघडायचा आणि पोरं हसून बाकावर लोळायची. एकदा एका पोरानं फार गंभीरपणे सांगितलं, "मास्तर, तुम्ही बोलू नका. हातानं दाखवा." त्या दिवसापासून त्यानं मिश्तेक सोडली. सरकारनं मिश्तेक पुस्तकं पाठवली होती, पण ती पलीकडच्या खोऱ्यातल्या मिश्तेकमध्ये होती. ती पोरांना कळेनात. त्यातली चार पुस्तकं कपाटाच्या मोडक्या पायाखाली गेली, बाकीची उंदरांनी संपवली.

एक खोली, सहा इयत्ता, एकोणीस पोरं. डोंगर उतरणारा ट्रक गुरुवारी दुपारी निघायचा आणि मंगळवारी दुपारी परत यायचा. मास्तर त्यातूनच जायचा-यायचा, त्यामुळे शाळेचा आठवडा मंगळवार दुपार ते गुरुवार दुपार एवढाच होता. गावाला त्यात वावगं वाटत नसे. आकाशातून पाणी पडतं तसा मास्तर पडतो, पडेल तेवढा घ्यायचा.

त्याचं जेवण पाळीनं. रोज एक घर. चुलीशेजारच्या बुटक्या खुर्चीवर बसून तो मक्याच्या तोर्तिया आणि घेवडा खायचा, आणि त्याच्याभोवती घर बोलत असायचं. आपल्याबद्दल बोलताहेत की आजारी कोंबडीबद्दल, हे त्याला कधी कळलं नाही. अकरा वर्षं तो दुसऱ्यांच्या बोलण्याच्या मधोमध बसून जेवला. आधी त्याला एकटं वाटायचं. पुढे ते वाटणंही बंद झालं, जशी एखाद्या दाताची नस मरते.

वर्षातून दोनदा साहेब हातात घड्याळ घेऊन यायचे. पोरानं पुस्तक उघडायचं, साहेबांनी काटा बघायचा, आणि मिनिटाला किती शब्द वाचले ते तक्त्यात भरायचं. पोराला काय कळलं, त्याचाही एक रकाना होता. तो रकाना साहेब गाडीत बसल्यावर आपल्या मनानं भरायचे. ओदिलोनला लवकर उमगलं की अर्थ शिकवता येत नसेल तरी वेग शिकवता येतो. अक्षरं पोरांच्या जिभेवर बसली की जीभ धावते, तिच्या मागून कुणी येत नसलं तरी धावते. त्याची शाळा तक्त्यात वर चढत गेली.

आणि त्या शाळेची सगळ्यात जोरात पळणारी जीभ इलारियाची होती. इलारिया सहावीत. बाप टोमॅटोच्या मळ्यांवर उत्तरेला गेलेला, आई मार्सेलिना ताडाच्या पातीच्या टोप्या विणायची. इलारिया मिनिटाला एकशे बेचाळीस शब्द वाचायची, मान ताठ, डोळे न उचलता. झेंडावंदनाच्या दिवशी तिचं वाचन ऐकायला म्हातारी माणसं शेतावरून यायची आणि टोप्या काढून उभी राहायची. "नुसतं ऐकत राहावं," म्हणायची. "ओढ्यासारखं." कुणालाच काही कळत नसे. प्रार्थनाही कुठे कळतात?

त्या वर्षी शाळेच्या छपराचे पत्रे उडाले. ओदिलोननं कचेरीला अर्ज लिहिला: छप्पर मोडलं आहे, मुलांच्या जिवाला धोका आहे, नवं द्यावं. गावानं त्यावर शिक्का मारला. पुढे चार महिने काहीच आलं नाही.

मग एका मंगळवारी ओदिलोन ट्रकमधून उतरला, तर गावाचा कारभारी, ताता सेलेरिनो, स्वतः रस्त्यावर उभा. म्हाताऱ्यानं धुतलेला सदरा घातला होता.

"मास्तर, छप्पर आलं!"

"कुठाय?"

"कागद आला. छप्पर मागून येणार. कचेरीचा माणूस आला होता शुक्रवारी. म्हणाला, मास्तर आले की वाचून घ्या. मी म्हटलं, का बरं? आमच्याकडे वाचणारं माणूस आहे!"

शुक्रवारी बास्केटबॉल खेळायच्या सिमेंटच्या फरशीवर सगळं गाव जमलं होतं. इलारियानं दोन्ही पानं एका दमात वाचली, कुठं अडखळली नाही. उत्तरेकडे मजुरी केलेल्या, ताता सेलेरिनोसकट चार माणसांना मधले दोन-चार शब्द ओळखू आले: शाळा, मुलं, छप्पर. त्यांनी माना हलवल्या. त्यांच्या माना बघून बाकीच्यांनी हलवल्या. वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या आणि ताता सेलेरिनोनं शिक्का मारला.

जेवणाची पाळी मार्सेलिनाकडे होती. तिनं कोंबडी मारून मोलेचा दाट रस्सा केला होता. ताता सेलेरिनो आणि दोन शेजारीही आले होते. इलारियानं कागद मास्तरपुढे ठेवला आणि ती चुलीपाशी उभी राहिली. ओदिलोननं तो वाचला. मग पुन्हा वाचला. ताटातलं निवत गेलं.

"काय झालं, मास्तर?" मार्सेलिनानं लेकीकरवी विचारलं. "तिखट आहे का?"

"इलारिया," तो म्हणाला, "यात काय लिहिलंय?"

"मी सगळं वाचलं, मास्तर. एक शब्द नाही सोडला."

"पण लिहिलंय काय?"

पोरीनं आईकडे बघितलं. मग तिनं कागद उचलला आणि वाचायला सुरुवात केली, पहिल्या ओळीपासून, झेंडावंदनाला वाचायची तशी.

"पुरे," तो म्हणाला.

त्यानं स्पॅनिशमध्ये ताता सेलेरिनोला सांगितलं. सोपे शब्द वापरले, मळ्यावरचा मुकादम वापरतो तसले. छप्पर मोडलं आहे, म्हणून शाळा बंद. पोरं पलीकडच्या गावी जातील, डोंगर उतरून, नदी ओलांडून. गाव राजी आहे. खाली शिक्का.

म्हाताऱ्यानं ते बाकीच्यांना मिश्तेकमध्ये सांगितलं. मग म्हणाला, "मग ती वाचत काय होती?"

ओदिलोननं ताट बाजूला सारलं.

"शिक्का मागे घेता येत नाही का, ताता?" शेजाऱ्यानं विचारलं.

"शिक्का म्हणजे गावाची जीभ. चावली तरी आपलीच." ताता सेलेरिनो उठला. "घंटा वाजवा. सगळ्यांना बोलवा. मास्तर वाचेल, मी आपल्या बोलीत सांगेन. एकेक वाक्य. घाई नाही."

उन्हं कलताना माणसं फरशीवर जमली. बाया एका कडेला टोप्या विणत बसल्या. ओदिलोन एक वाक्य वाचायचा, सोप्या स्पॅनिशमध्ये फोडायचा, म्हातारा ते मिश्तेकमध्ये सांगायचा. अकरा वर्षांत त्याचं एक वाक्य या गावात कुणाच्या आत जाऊन पडलं नव्हतं, आणि आता ती एकामागून एक पडत होती, विहिरीत दगड पडावेत तशी. इमारत धोकादायक. आजवर कळवलेला निकाल उत्तम. त्यामुळे मुलांना मोठ्या शाळेत अडचण येणार नाही.

"निकाल उत्तम," ताता सेलेरिनोनं सांगितलं. मागून कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

शेवटचं वाक्य राहिलं होतं. शिक्षकाची बदली त्याच्या वारंवार केलेल्या विनंतीनुसार मंजूर. ते गाळलं असतं तर कुणाला कळलं नसतं. शुक्रवारी इलारियानं तेही याच फरशीवर खणखणीत वाचलं होतं, आणि टाळ्या पडल्या होत्या. ओदिलोननं कागदाची घडी घालायला घेतली. मग कागद उघडला आणि ते वाक्य वाचलं.

ताता सेलेरिनोनं ते लगेच सांगितलं नाही. "विनंती?" त्यानं हळू आवाजात विचारलं. "तुझी?"

"दर वर्षी एक."

म्हाताऱ्यानं गावाकडे तोंड केलं आणि सांगितलं. बायांचे हात थांबले. मार्सेलिना काहीतरी बोलली. दोन-तीन बाया हसल्या, पण आनंदानं नाही.

"काय म्हणाली?" ओदिलोननं विचारलं.

"म्हणाली, तुला जेवू घालायची पाळी आम्ही एकदाही चुकवली नाही. एक दिवस उपाशी नाही ठेवलं."

मग माणसं उठली. कुणी भांडलं नाही. दोन माणसांना कचेरीत पाठवायचं ठरलं, तिथे काय बोलायचं ते मात्र ठरलं नाही. पलीकडच्या गावाशी जमिनीच्या हद्दीवरून जुनं वैर, पावसाळ्यात नदीला उतार नाही. मुलगे जातील, जमेल तेवढे दिवस. मुलींचं कुणी बोललंच नाही.

इलारिया मात्र तिथेच उभी होती. शेवटपर्यंत ती म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली होती. तिनं फळ्याकडे कधी असं बघितलं नव्हतं.

"मास्तर," ती तिच्या तुटक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "पुस्तकातल्या धड्यांचंही असं काही म्हणणं असतं?"

"असतं."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

ती विचार करत राहिली. सहा वर्षांची सहा पुस्तकं. काही धडे तिला आजही पाठ येत होते, स्वल्पविरामांसकट.

"ढगांच्या धड्याचं काय म्हणणं आहे?"

ओदिलोननं सांगायला तोंड उघडलं. वाफ कशी चढते, थंड कशी होते. स्पॅनिशमध्ये सांगितलं असतं तर ती अर्धंही समजली नसती. मिश्तेकमध्ये त्याला ढगाला काय म्हणतात ते माहीत नव्हतं. त्यानं हात वर केला आणि हवेत काहीतरी गोल दाखवलं.

पोर हसली नाही. तिनं त्या हाताकडे नीट बघितलं, मान हलवली, जशी शुक्रवारी सगळ्यांनी हलवली होती, आणि आईनं हाक मारली तशी घरी गेली.

बुधवारी शाळेत अकरा पोरं आली. इलारिया आली नाही, ती शेळ्यांमागे गेली होती. ओदिलोननं हजेरी घेतली आणि पहिलीच्या पोरांना पुस्तकं उघडायला सांगितली. मग घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, कारण दुसरं कसं शिकवतात ते त्याला ठाऊक नव्हतं.